राजाचा धडा आणि रयतेचा हक्क

कावेरीच्या काठी वसलेले कुंभकोणम् हे गाव महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर आहे. महामहमचे विस्तीर्ण तळे आणि देवळांची उंच गोपुरे यांसाठी ते दक्षिणेत प्रसिद्ध आहे. परंतु या गावाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरास मराठी राज्य स्थापन केले आणि त्यांच्यामागोमाग शिलेदार, कारकून, शास्त्री, हरिदास अशी कितीतरी मंडळी कावेरीच्या सुपीक खोऱ्यात उतरली. तेथेच त्यांच्या पिढ्या वाढल्या. घरात मराठी, बाजारात तमिळ, शास्त्रात संस्कृत आणि पुढे कचेरीत इंग्रजी, अशा चार भाषांत या घराण्यांचा व्यवहार चालत असे. राज्यकारभार हाच त्यांपैकी अनेकांचा पिढीजात व्यवसाय होता.

अशाच एका देशस्थ घराण्यात २० नोव्हेंबर १८२८ रोजी, कुंभकोणम् येथे, एक मुलगा जन्मास आला. पुढे राजा सर टी. माधवराव म्हणून हिंदुस्थानभर ख्याती पावलेले मुत्सद्दी ते हेच. नावाआधीचा टी हा तंजावरचा. त्यांचे वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोरचे दिवाणपद भूषविले होते. माधवरावांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचा कारभार पाहिला, त्याची हकीकत अनेकांनी लिहिली आहे. त्यांच्या आयुष्यातील एका गोष्टीकडे मात्र त्या मानाने लक्ष कमी गेले आहे. माधवराव हे दिवाण होण्यापूर्वी शिक्षक होते, आणि दिवाण झाल्यावरही शिक्षकच राहिले. राज्य कसे करावे हे त्यांनी राजपुत्रांना समोर बसवून शिकविले. राज्यकर्त्याने आपल्याविरुद्धचा शब्द ऐकून घ्यावा काय, प्रजेला आपले गाऱ्हाणे निर्भयपणे बोलता यावे काय, हे प्रश्न त्या शिकवणीच्या पोटात होते. त्या धड्याचे पुढे काय झाले, हा इतिहास आज मतस्वातंत्र्याचा हक्क गृहीत धरून चालणाऱ्या नागरिकाला जाणून घेण्यासारखा आहे.

माधवरावांचे शिक्षण मद्रासच्या हायस्कुलात झाले. १८४१ मध्ये सुरू झालेल्या या शाळेचे मुख्य पॉवेल हे गणिताचे व्यासंगी अध्यापक होते. १८४६ मध्ये माधवराव तेथून मानाने उत्तीर्ण झाले आणि काही काळ त्याच संस्थेत त्यांनी गणित व पदार्थविज्ञान शिकविले. नंतर मद्रासच्या हिशेबखात्यात ते नोकरीस लागले. १८४९ मध्ये, वयाची एकवीस वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांच्यापुढे बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी दोघे पुढे त्रावणकोरच्या गादीवर आले. एक आयिल्यम तिरुनाळ, आणि दुसरे त्यांचे धाकटे बंधू विशाखम तिरुनाळ. धाकट्या बंधूंना लिहिण्याची विशेष गोडी होती. गादीवर येण्यापूर्वी ते वर्तमानपत्रांत राज्यकारभारावर लेख लिहीत असत. राजघराण्यातील पुरुषाने वर्तमानपत्राचा आश्रय करावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

शिक्षकाची नोकरी चार वर्षांनी संपली. माधवराव महसूलखात्यात शिरले आणि १८५७ च्या अखेरीस, वयाच्या तिसाव्या वर्षापूर्वीच, दिवाणगिरीची सूत्रे त्यांच्या हाती आली. तो काळ मोठा बिकट होता. ज्या तंजावरच्या राज्याच्या सावलीत त्यांचे घराणे वाढले, ते राज्य १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारल्यामुळे खालसा झाले होते. त्रावणकोरचा खजिनाही रिता होता आणि कंपनी सरकारची वक्रदृष्टी त्या राज्याकडे वळली होती. संस्थान टिकवावयाचे तर कारभार स्वच्छ ठेवावा लागेल, हे माधवरावांनी ओळखले. तंबाखूचा सरकारी मक्ता त्यांनी १८६३ मध्ये उठविला. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना त्या जमिनींवर वंशपरंपरेचा आणि हस्तांतराचा हक्क मिळाला. वर्षाच्या कारभाराचा लेखी अहवाल छापण्याची पद्धतही त्यांच्याच अमदानीत रूढ झाली.

हा अहवाल म्हणजे निव्वळ कचेरीतील कागद, असे कोणास वाटेल. परंतु त्याचे महत्त्व मोठे आहे. संस्थानात वसूल किती आला, तो कशावर खर्च झाला, न्यायालयांपुढे किती दावे आले, शाळा किती उघडल्या, हे आकडे एकदा छापले गेले म्हणजे राजा व दिवाण यांच्यापुरती असलेली माहिती चारचौघांच्या हाती पडते. ज्याला कारभाराची माहितीच नाही त्याने कारभारावर बोलावे कसे? मतस्वातंत्र्याला लागणारी पहिली सामग्री अशा रीतीने सरकारी छापखान्यातून बाहेर पडू लागली. इंग्लंडच्या पार्लमेंटातील हिंदुस्थानचे हितचिंतक फॉसेट यांनी माधवरावांचा हिंदुस्थानचे तुर्गो म्हणून गौरव केला तो याच कामगिरीमुळे.

या उपमेत मात्र फॉसेट यांच्या मनात नसलेला एक अर्थही होता. तुर्गो हा फ्रान्सचा कर्तबगार अर्थमंत्री. त्याच्या सुधारणा दरबारी मंडळींना झोंबल्या आणि १७७६ मध्ये राजाने त्याला दूर केले. माधवरावांच्या वाट्यालाही हेच आले. आयिल्यम तिरुनाळ हे त्यांचे एके काळचे विद्यार्थी. पण राजा आणि दिवाण यांच्यात बेबनाव झाला आणि १८७२ मध्ये माधवरावांना त्रावणकोर सोडावे लागले. जेथे सल्लागाराचे बोलणे केवळ राजाच्या मर्जीवर अवलंबून असते, तेथे ती मर्जी फिरताच बोलणेही संपते. पुढे इंदुरास तुकोजीराव होळकर यांच्या पदरी दोन वर्षे काढल्यावर माधवरावांना बडोद्याचे बोलावणे आले.

बडोद्याची तत्कालीन स्थिती पाहिल्याशिवाय माधवरावांच्या पुढील शिकवणीचे मर्म ध्यानी येणार नाही. मल्हारराव गायकवाड १८७० मध्ये गादीवर आले, आणि थोड्याच काळात त्यांच्या कारभाराविषयी तक्रारींचा पाऊस सुरू झाला. सारा वसुलीतील जुलूम, सरदारांची जप्त झालेली वतने, न्यायाची विक्री अशी गाऱ्हाणी घेऊन लोक रेसिडेंटच्या दाराशी जाऊ लागले. १८७३ मध्ये कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशीमंडळ बसले. बडोद्याच्या रयतेला स्वतःच्या राज्यात तोंड उघडण्यास जागा उरली नव्हती. आपल्या राजाविरुद्धची तक्रार तिला परक्या सरकारच्या छावणीत जाऊन सांगावी लागली. घरात ऐकणारा कोणी नसला म्हणजे घरचे गाऱ्हाणे शेजारी जाते, आणि शेजारी बलवान असला म्हणजे घराची मालकीही हळूहळू त्याच्याकडे जाते.

पुढे रेसिडेंट फेर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप मल्हाररावांवर आला आणि १८७५ च्या आरंभी सहा जणांच्या मंडळापुढे त्याची चौकशी झाली. तीन इंग्रज सभासदांनी त्यांना दोषी मानले. ग्वाल्हेरचे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे या तीन हिंदी सभासदांनी आरोप शाबीत झाला असे मानले नाही. तेव्हा सरकारने त्या आरोपाचा आधार सोडून गैरकारभाराच्या कारणावरून एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले. त्याच वर्षी २७ मे रोजी खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळराव नावाच्या बारा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. तेच सयाजीराव गायकवाड.

गावातील शेतकरी कुटुंबात वाढलेल्या या मुलाला अक्षरओळखीपासून आरंभ करावा लागला. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या भाषा तो शिकू लागला. सनदी नोकरीतील एलियट हे गृहस्थ त्याचे शिक्षक नेमले गेले. इकडे दिवाण म्हणून माधवराव संस्थानची घडी बसवीत होते. न्यायालये, महसूल, पोलीस, शाळा, दवाखाने या सर्वांची पुनर्रचना चालू होती, आणि त्रावणकोरप्रमाणे बडोद्याचेही वार्षिक अहवाल निघू लागले होते. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. त्यापूर्वीच्या काही महिन्यांत माधवरावांनी आणि काझी शहाबुद्दीन यांच्यासारख्या अनुभवी अधिकाऱ्यांनी या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला राज्यकारभारावर व्याख्याने दिली. माधवरावांची इंग्रजी व्याख्याने ‘मायनर हिंट्स’ या नावाने १८८१ मध्ये छापली गेली.

या व्याख्यानांचे रूप पांडित्यपूर्ण ग्रंथासारखे नाही. पुष्कळ पाहिलेला आणि सोसलेला एक वयस्क कारभारी एका तरुणाला चार गोष्टी समजावून सांगत आहे, असे त्यांचे रूप आहे. सर्वांच्या मुळाशी एक तत्त्व आहे: राज्य हे प्रजेच्या सुखासाठी आहे, राजाच्या सुखासाठी नाही. त्यातूनच बाकीचे नियम निघतात. संस्थानचा खजिना ही राजाची खासगी तिजोरी नाही, म्हणून राजवाड्याच्या खर्चाला मर्यादा असावी. न्यायाचे काम न्यायाधीशांनी कायद्याप्रमाणे करावे, राजाने लहरीप्रमाणे त्यात हात घालू नये. राजाने हलक्या कानाचे असू नये, तोंडपुज्यांना जवळ करू नये. स्पष्ट बोलणारा सल्लागार कडू वाटला तरी त्याचे बोलणे शांतपणे ऐकून घ्यावे. मल्हाररावांच्या बडोद्यात नेमके काय बिघडले होते, त्याची ही उलट बाजूने केलेली यादीच म्हणता येईल.

हे धडे थोर आहेत, यात शंका नाही. परंतु ते कोणाला सांगितले होते, हेही पाहिले पाहिजे. श्रोता एकच, आणि तो राजा. प्रजेने काय बोलावे हे येथे प्रजेला सांगितलेले नाही. राजाने कसे वागावे हे राजाला सांगितलेले आहे. ज्याने सारी सत्ता बाळगायची त्यानेच स्वतःला बांधून घ्यावे, अशी ही योजना होती. राजा सुशील निघाला तर रयतेचे भाग्य. तो तसा न निघाला तर काय, याचे उत्तर त्या काळच्या संस्थानी व्यवस्थेत रेसिडेंट हेच होते, आणि बडोद्याने त्या उत्तराची किंमत नुकतीच मोजली होती.

याच १८८१ सालच्या आरंभी पुण्यात दुसरीच शाळा भरू लागली होती. जानेवारीत ‘मराठा’ आणि ‘केसरी’ ही पत्रे सुरू झाली. त्यांच्या चालकांत चिपळूणकर, टिळक, आगरकर ही न्यू इंग्लिश स्कुलातील शिक्षक मंडळी होती. टिळक आणि आगरकर हे तर पंचविशीच्या आतबाहेरचे तरुण. माधवराव राजाला शिकवीत होते. या तरुणांनी रयतेला शिकविण्याचे मनावर घेतले. काळही तसा अनुकूल नव्हता. लॉर्ड लिटन यांनी १८७८ मध्ये केलेला देशी भाषांतील पत्रांसंबंधीचा कायदा अद्याप अमलात होता. इंग्रजी पत्राला जे लिहिण्याची मोकळीक, ते मराठी किंवा बंगाली पत्राने लिहिले तर मुद्रकाकडून जामीनकी मागता येई, छापखाना जप्त करता येई, आणि त्यावर न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. लॉर्ड रिपन यांनी हा कायदा १८८२ च्या जानेवारीत रद्द केला.

त्याच सुमारास या तरुण संपादकांची दृष्टी कोल्हापूरकडे वळली. तेथील छत्रपती शिवाजी हे वयाने लहान, आणि त्यांचे चित्त ठिकाणावर नाही असे कारभारी व सरकार म्हणत होते. कारभारी माधवराव बर्वे यांच्या अमलात राजाला छळ सोसावा लागत आहे, अशी बातमी पुण्यास पोचली आणि त्याच्या पुराव्यादाखल काही पत्रेही हाती आली. ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी त्यावर कडक लेख लिहिले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. मुंबईच्या हायकोर्टात ती पत्रे बनावट ठरली आणि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची कैद झाली. त्यांपैकी एकशे एक दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. २६ ऑक्टोबर रोजी ते सुटले तेव्हा लोकांनी त्यांचे मोठे स्वागत केले. आगरकरांनी त्या दिवसांवर लिहिलेले पुस्तक प्रसिद्धच आहे.

या प्रकरणातून दोन बोध निघतात आणि दोन्ही घेतले पाहिजेत. लिहिणाऱ्यांनी पुराव्याची पारख नीट केली नाही, त्याची शिक्षा त्यांना भोगावी लागली. बोलण्याच्या स्वातंत्र्याबरोबर खऱ्याखोट्याची जबाबदारी येते, हा पहिला बोध. दुसरा याहून दूरगामी आहे. कोल्हापूरच्या राजवाड्याच्या भिंतीआड काय चालले आहे, हे विचारण्याचा अधिकार पुण्याच्या दोन शाळामास्तरांनी स्वतःकडे घेतला होता. कोणा राजाने किंवा दिवाणाने तो त्यांना बहाल केला नव्हता. सुटकेच्या दिवशी जमलेल्या लोकांनी त्या अधिकाराला मान्यता दिली. डोंगरीची शाळा बडोद्याच्या शाळेहून कठीण होती, पण तेथे विद्यार्थी आणि शिक्षक दोन्ही रयतेपैकीच होते.

योगायोग असा की टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते त्याच सुमारास, १८८२ च्या सप्टेंबरात, माधवरावांनी बडोद्याची दिवाणगिरी सोडली. पूर्ण अधिकार हाती आलेला तरुण राजा आणि जुना दिवाण यांचे फार काळ जमले नाही. राजाने स्पष्टवक्त्या सल्लागाराचे ऐकावे असे ज्याने शिकविले, त्यालाच आपल्या विद्यार्थ्याच्या दरबारातून दुसऱ्यांदा निघावे लागले. यात सयाजीरावांना दोष देण्याचे कारण नाही. ते स्वतंत्र बुद्धीचे राजे होते आणि स्वतःच्या बुद्धीने राज्य करू इच्छीत होते. दोष होता तो व्यवस्थेचा, कारण त्या व्यवस्थेत सल्लागाराला उभे राहण्यास राजाच्या इच्छेखेरीज दुसरी भूमीच नव्हती.

माधवराव मद्रासला परतले आणि निवृत्तीच्या काळात तेही वर्तमानपत्रांचे लेखक बनले. आयुष्यभर राजांच्या कानाशी बोलणारा हा पुरुष आता टोपणनावाने लोकांशी बोलू लागला. डिसेंबर १८८७ मध्ये मद्रासला राष्ट्रसभेचे तिसरे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागतसमितीचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. बद्रुद्दिन तय्यबजी त्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते आणि देशभरातून ६०७ प्रतिनिधी आले होते. ज्याने तीन दरबार पाहिले त्याच्यासमोर आता राजा नसलेला दरबार बसला होता आणि त्यात प्रत्येकाला बोलण्याचा अधिकार होता. पण कायदेमंडळात लोकनियुक्त सभासद किती व कसे असावेत या प्रश्नावर पुढे त्यांचे मतभेद झाले आणि १८८९ मध्ये ते राष्ट्रसभेपासून दूर झाले. रयतेला सुख मिळावे हे त्यांना मनापासून मान्य होते. ते सुख तिने स्वतः मतदान करून मिळवावे, हे पचनी पडणे त्यांच्या पिढीला जड गेले. ४ एप्रिल १८९१ रोजी मैलापूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे त्यांच्या धड्याची परीक्षा झाली ती त्यांच्याच त्रावणकोरात. आदर्श संस्थान म्हणून त्याची कीर्ती झाली होती. शाळा वाढल्या, साक्षरता वाढली आणि वाचणाऱ्यांबरोबर विचारणारेही वाढले. ‘स्वदेशाभिमानी’ या मल्याळी पत्राचे संपादक रामकृष्ण पिळ्ळै यांनी दिवाण राजगोपालाचारी यांच्या कारभारावर तिखट टीका चालविली. २६ सप्टेंबर १९१० रोजी राजाज्ञेने त्यांचा छापखाना जप्त झाला, पत्र बंद पडले आणि संपादकास संस्थानाबाहेर घालवून देण्यात आले. खटला नाही, बचाव नाही, अपील नाही. टिळक-आगरकरांना निदान न्यायालय तरी मिळाले होते. पिळ्ळै यांना तेही मिळाले नाही. १९१६ मध्ये कण्णूर येथे परागंदा स्थितीतच त्यांचा अंत झाला. सुव्यवस्थित कारभार आणि बोलण्याचा हक्क या दोन गोष्टी एकच नव्हेत, पहिली असताना दुसरी नसू शकते, हे त्रावणकोरने दाखवून दिले.

बडोद्यात त्या धड्याला निराळी फुले आली. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू केला. १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन या तज्ज्ञास आणून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे विणले. फिरत्या ग्रंथपेट्या खेड्यापाड्यांत पोचल्या. राजाला मिळालेले शिक्षण अशा रीतीने रयतेपर्यंत उतरले. पण खुद्द राजाच्या तोंडाला मात्र कुलूपच होते. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीरावांनी बादशहाला केलेला मुजरा पुरेसा लवून नव्हता, परत फिरताना त्यांनी पाठ दाखविली, एवढ्यावरून इंग्रजी पत्रांत गहजब उडाला आणि त्यांना लेखी दिलगिरी व्यक्त करावी लागली. रयतेवर अमर्याद सत्ता असणारा राजा सार्वभौम सत्तेपुढे स्वतः मुका होता.

याच राजाने १९१३ मध्ये एका तरुणाला शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. शिष्यवृत्तीचा करार ४ जून १९१३ रोजी झाला. शिकून परतल्यावर नोकरीसाठी १९१७ मध्ये ते बडोद्यास गेले, तेव्हा त्यांना शहरात राहावयास जागा मिळाली नाही आणि अपमान सोसून परतावे लागले. राजा उदार असला तरी समाज उदार होत नाही, हा अनुभव त्यांनी तेथे घेतला. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी आपले पाक्षिक काढले आणि त्याचे नाव ‘मूकनायक’ ठेवले. ज्यांना शतकानुशतके बोलूच दिले गेले नव्हते, त्यांच्या वतीने ते बोलू लागले. त्या पत्राला कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे साहाय्य होते. ज्या संस्थानाच्या कारभारावर लिहिल्याबद्दल १८८२ मध्ये संपादक तुरुंगात गेले, त्याच संस्थानाचा राजा आता वर्तमानपत्र निघावे म्हणून हात देत होता.

कुंभकोणम् गावही या मधल्या काळात स्वस्थ बसले नव्हते. १८५४ मध्ये तेथे सरकारी शाळा निघाली आणि तिचेच पुढे नामांकित कॉलेज झाले. दक्षिणेचे केंब्रिज असे त्याला लोक कौतुकाने म्हणत. त्या कॉलेजाचे विद्यार्थी श्रीनिवास शास्त्री हे १९०७ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि गोखल्यांच्या निधनानंतर १९१५ मध्ये त्या समाजाचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९१९ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात रौलट बिलांची चर्चा चालू असता शास्त्रीबुवांनी त्यांना जो विरोध केला, तो त्या सभागृहातील संस्मरणीय भाषणांपैकी एक मानला जातो. बिलांपैकी एक तरीही संमत झालेच. पण सरकारच्या तोंडावर सरकारला विरोध करण्याची विद्या कुंभकोणमच्या विद्यार्थ्याने आत्मसात केली होती, आणि ती कोणा राजाच्या कृपेने मिळालेली नव्हती.

२६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. एकोणिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला भाषण व मतप्रदर्शन यांचे स्वातंत्र्य दिले आणि बत्तिसाव्या अनुच्छेदाने तो हक्क डावलला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याची मुभा दिली. हा बत्तिसावा अनुच्छेद म्हणजे घटनेचा प्राणच होय, असे डॉ. आंबेडकर मानीत. रामकृष्ण पिळ्ळै यांच्यापाशी १९१० मध्ये नेमकी हीच वस्तू नव्हती.

या नव्या हक्काची पहिली कसोटी लागली ती मद्रास राज्यातच, ज्यात त्या वेळी कुंभकोणम् मोडत होते. मुंबईहून रमेश थापर यांचे ‘क्रॉस रोड्स’ हे इंग्रजी साप्ताहिक निघत असे. मद्रास सरकारने सार्वजनिक सुव्यवस्थेच्या १९४९ च्या कायद्याखाली, १ मार्च १९५० च्या आदेशाने, त्या पत्राला आपल्या राज्यात येण्यास व खपण्यास बंदी केली. थापर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ मे १९५० रोजी, म्हणजे घटना अमलात आल्यावर बरोबर चार महिन्यांनी, न्यायालयाने बहुमताने ती बंदी रद्द केली. एका संपादकाने राज्य सरकारविरुद्ध दाद मागितली आणि राज्य सरकारला माघार घ्यावी लागली. निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती पतंजली शास्त्री हे मद्रासकडचेच होते. पत्र लोकांच्या हाती पोचू देणे हाही भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे त्यांनी स्पष्ट केले.

गोष्ट येथेच संपली असती तर ती फार सरळ झाली असती. एका वर्षाने, जून १९५१ मध्ये, घटनेची पहिली दुरुस्ती झाली आणि या स्वातंत्र्यावर घालावयाच्या निर्बंधांच्या कारणांत सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण जोडले गेले. त्याबरोबरच निर्बंध वाजवी असला पाहिजे, अशी अटही घालण्यात आली. निर्बंध वाजवी आहे की नाही हे ठरविण्याचे काम त्यामुळे न्यायालयाकडे आले. तेव्हापासून आजतागायत राज्य सरकार आणि बोलणारा नागरिक यांच्यामधील वाद बव्हंशी त्या एका शब्दाभोवती फिरत आला आहे.

राज्यकारभारात आयुष्य घालविणाऱ्यांनी माधवरावांचे धडे आजही वाचावेत. अधिकाराच्या खुर्चीवर बसणाऱ्याने कान हलका ठेवू नये, कडू बोलणारा माणूस जवळ ठेवावा, सार्वजनिक पैसा आपला समजू नये, हे सांगणारा मराठी कारभारी दीडशे वर्षांनंतरही जुना झालेला नाही. परंतु ते धडे देणाऱ्यालाच दोन दरबार सोडावे लागले, हेही विसरू नये. ऐकून घेण्याचा सद्गुण खुर्चीतल्या माणसागणिक बदलतो. बोलण्याचा हक्क तसा बदलू नये, म्हणून तो घटनेत लिहावा लागला.

कुंभकोणमच्या कॉलेजात नागरिकशास्त्राचे पुस्तक उघडून बसलेल्या विद्यार्थ्याला एकोणिसावा अनुच्छेद एक-दोन तासांत पाठ होतो. आपल्याच गावात जन्मलेल्या एका मराठी कारभाऱ्याने हा विषय राजाला शिकविण्यात आपले आयुष्य वेचले, आणि तरीही तो रयतेच्या हाती येण्यास त्याच्या मृत्यूनंतर एकोणसाठ वर्षे लागली, हे त्याला कोणीतरी सांगावयास हवे. १८८१ मध्ये त्या वर्गात विद्यार्थी एकच होता. आज ते बाक कोणालाही मोकळे आहेत, आणि परीक्षाही प्रत्येकाला द्यावी लागणार आहे.